लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांतील पुराव्याचे मूल्यमापन

लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांतील पुराव्याचे मूल्यमापन म्हणजे बलात्कार, विनयभंग, बालकांवरील लैंगिक अत्याचार इत्यादी गुन्ह्यांच्या सुनावणीत न्यायालयापुढे आलेल्या तोंडी, लेखी, वैद्यकीय व वैज्ञानिक पुराव्याची विश्वासार्हता आणि वजन ठरविण्याची न्यायालयीन प्रक्रिया होय. हे गुन्हे बहुधा एकांतात घडतात. त्यामुळे पीडितेखेरीज दुसरा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार क्वचितच असतो आणि खटल्याचा निकाल बऱ्याचदा तिच्या एकटीच्या साक्षीवर अवलंबून राहतो. ही साक्ष कोणत्या कसोटीवर घासावी, हा या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

या प्रश्नावरील भारतीय कायद्याच्या जडणघडणीत आणि त्यावरील वादांत विदर्भातील खटल्यांना महत्त्वाचे स्थान आहे. देसाईगंज पोलिस ठाण्यातील १९७२ची घटना, नागपूर येथील १९८१चे पोलिस उपनिरीक्षकाविरुद्धचे प्रकरण आणि यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील सत्र न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेलेले व २०२१ मध्ये निकाली निघालेले अपील ही त्यांतील ठळक उदाहरणे आहेत.

पुराव्याचा भार आणि प्रमाण

इतर फौजदारी खटल्यांप्रमाणेच लैंगिक गुन्ह्यांतही आरोपीला प्रारंभी निर्दोष मानले जाते. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. मात्र प्रत्येक शंका म्हणजे वाजवी संशय नव्हे. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देण्याच्या तत्त्वाचा अतिरेक करू नये, असा इशारा दिला. दोषी व्यक्ती सहज सुटू लागल्यास लोकांचा न्यायव्यवस्थेवरील विश्वास उडतो, असे त्यामागील कारण होते.

कोणतीही वस्तुस्थिती सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या आवश्यक नाही, हे तत्त्व भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम १३४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली असून हे तत्त्व आता त्याच्या कलम १३९ मध्ये आहे. वडिवेलू थेवर विरुद्ध मद्रास राज्य (१९५७) या निकालात साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले आहेत: संपूर्ण विश्वासार्ह, संपूर्ण अविश्वासार्ह आणि या दोहोंच्या मधला. पहिल्या वर्गातील एकच साक्षीदार दोषसिद्धीस पुरेसा असतो, दुसऱ्या वर्गातील साक्ष फेटाळली जाते आणि तिसऱ्या वर्गातील साक्षीसाठी दुजोरा शोधावा लागतो. लैंगिक गुन्ह्यांतील बहुतेक वाद पीडितेची साक्ष यांपैकी कोणत्या वर्गात बसते, याभोवती फिरतात.

दुजोऱ्याचा नियम

बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि त्याचा प्रतिवाद करणे कठीण असते, हे मत सतराव्या शतकातील इंग्लंडचे न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनी मांडले. त्यातून पीडितेच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा नसल्यास दोषी ठरविणे धोक्याचे आहे, असा इशारा न्यायाधीशाने ज्यूरीला देण्याची प्रथा रुजली. इंग्लंडमध्ये या इशाऱ्याची सक्ती १९९४ मध्ये कायद्याने रद्द झाली.

भारतात रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य (१९५२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुजोरा हा कायद्याचा नियम नसून सावधगिरीचा नियम आहे, असे ठरविले. दुजोरा आवश्यक न वाटल्यास न्यायाधीशाने त्याची जाणीव ठेवून तसा निष्कर्ष काढावा, अशी भूमिका या निकालात घेतली गेली. तरीही प्रत्यक्षात अंगावरील जखमा, फाटलेले कपडे व प्रतिकाराच्या खुणा यांची अपेक्षा दीर्घकाळ टिकून राहिली.

देसाईगंज प्रकरण

२६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (आताचा गडचिरोली जिल्हा) देसाईगंज पोलिस ठाण्यात जबाब नोंदविण्यासाठी बोलावलेल्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिस शिपायाने बलात्कार केल्याचा आणि हवालदाराने तिचा विनयभंग केल्याचा आरोप होता. तिचे नातेवाईक त्या वेळी ठाण्याबाहेर थांबले होते.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना निर्दोष सोडले. शरीरसंबंध झाला असला तरी तो संमतीने झाला, असा त्या न्यायालयाचा निष्कर्ष होता. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. अनोळखी पोलिसांपुढे भीतीपोटी मुकाट्याने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. शिपायाला पाच वर्षांची व हवालदाराला एक वर्षाची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने दोघांनाही निर्दोष ठरविले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिने केलेल्या प्रतिकाराचा दावा खोटा आहे, असे न्यायालयाने मानले. मृत्यूची किंवा इजेची भीती घातल्याचेही सिद्ध झाले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

तीन न्यायालयांपुढे पुरावा एकच होता. बदलला तो जखमांच्या अभावाला दिलेला अर्थ. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतील फरकाकडे लक्ष वेधले. या पत्रानंतर मुंबई, दिल्ली आदी शहरांत स्त्री-संघटनांचे आंदोलन उभे राहिले आणि त्याची परिणती १९८३ च्या कायदादुरुस्तीत झाली.

कायद्यातील बदल

१९८३ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्यात कलम ११४-अ समाविष्ट झाले. पोलिस, लोकसेवक, कारागृह किंवा रुग्णालयाचे कर्मचारी यांनी ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार, सामूहिक बलात्कार अशा विशिष्ट प्रकारांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी ही तरतूद होती. सुधारित स्वरूपात ती आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. पीडितेची ओळख उघड करणे हाही याच दुरुस्तीने गुन्हा ठरला.

पीडिता सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा कलम १५५(४) मध्ये होती. ती २००३ मध्ये रद्द झाली. तत्पूर्वीच महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर (१९९०) या पोलिस निरीक्षकाच्या विभागीय चौकशीशी संबंधित प्रकरणात, केवळ चारित्र्याकडे बोट दाखवून स्त्रीची साक्ष दूर सारता येत नाही आणि खासगीपणाचा अधिकार प्रत्येक स्त्रीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर न्या. जे. एस. वर्मा समितीच्या अहवालाच्या पार्श्वभूमीवर २०१३ ची दुरुस्ती झाली. तिने संमतीची व्याख्या शब्द, हावभाव किंवा अन्य संवादातून व्यक्त झालेली निःसंदिग्ध व स्वेच्छेची सहमती अशी केली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हेही कायद्यात स्पष्ट झाले. संमतीच्या प्रश्नावर पीडितेचे चारित्र्य वा पूर्वीचे लैंगिक अनुभव गैरलागू ठरविण्यात आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमतीची हीच व्याख्या कायम आहे.

पीडितेची साक्ष

भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य (१९८३) या निकालात, दुजोरा नाही म्हणून पीडितेवर अविश्वास दाखविणे म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणे होय, अशा आशयाची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन (१९९०) हा खटला नागपूरचा होता. नवविवाहित तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या पोलिस उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरविले होते, परंतु उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा कायम केली. पीडिता ही गुन्ह्यातील साथीदार नसून गुन्ह्याची बळी आहे. म्हणून तिच्या साक्षीला मारहाणीतील जखमी साक्षीदाराच्या साक्षीइतके वजन द्यावे, असे तत्त्व या निकालाने घालून दिले. पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग (१९९६) या निकालाने ते अधिक दृढ केले.

याचा अर्थ पीडितेची प्रत्येक साक्ष आपोआप खरी मानली जाते, असा नाही. राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००८) या निकालात खोट्या आरोपामुळे आरोपीलाही तेवढाच मनस्ताप व अपमान सोसावा लागतो, याची दखल घेण्यात आली. राय संदीप विरुद्ध दिल्ली राज्य (२०१२) या निकालात अस्सल दर्जाच्या साक्षीदाराची कसोटी मांडली आहे. अशा साक्षीदाराचे कथन पहिल्या जबाबापासून न्यायालयातील साक्षीपर्यंत मूळ मुद्द्यांवर सुसंगत असावे, उलटतपासणीत टिकावे आणि इतर पुराव्याशी जुळावे, अशी अपेक्षा असते.

कथनातील तफावतींचे मूल्यमापन करताना न्यायालये किरकोळ विसंगती आणि मुळावर घाव घालणारी विसंगती यांत फरक करतात. घटनेची नेमकी वेळ, अंतर, कपड्यांचा रंग यांबाबतच्या चुका सहसा पहिल्या प्रकारात मोडतात. आरोपीची ओळख, घटनास्थळ किंवा कृत्याचे स्वरूप यांबाबत कथन बदलत गेले, तर ते दोषसिद्धीला मारक ठरते. फिर्याद देण्यातील विलंबाकडेही अशाच दृष्टीने पाहिले जाते. कुटुंबाची बदनामी, मुलीच्या लग्नाची काळजी, गावातील दबाव आणि पोलिस ठाण्यात जाण्याचा संकोच ही कारणे स्वीकारार्ह मानली गेली आहेत. मात्र विलंबाचे स्पष्टीकरणच नसेल आणि आधीच्या वैराचा पुरावा असेल, तर न्यायालय अधिक सावध होते.

दंडाधिकाऱ्यापुढे नोंदविलेला जबाब हा स्वतंत्र पुरावा नसतो. न्यायालयातील साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा ती खोडून काढण्यासाठीच त्याचा उपयोग होतो. पीडिता फितूर झाली म्हणून खटला संपतोच असे नाही. हेमुदान नानभा गढवी विरुद्ध गुजरात राज्य (२०१८) या खटल्यात बालिका न्यायालयात जबाबापासून फिरली असतानाही उर्वरित पुराव्याच्या आधारे दोषसिद्धी कायम राहिली.

बालसाक्षीदाराला प्रश्न समजतात व तो सुसंगत उत्तरे देऊ शकतो, याची खात्री न्यायाधीश प्रथम करतात. दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९७) या खुनाच्या खटल्यातील निकालानुसार विश्वासार्ह बालसाक्षीदाराच्या एकट्या साक्षीवरही दोषसिद्धी होऊ शकते. मात्र पढवून घेतल्याची शक्यता तपासावी लागते.

वयाचा पुरावा

पीडितेचे वय १८ वर्षांखाली असल्यास तिची संमती कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरते. त्यामुळे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) खालील अनेक खटले वयाच्या एका कागदावर उभे राहतात किंवा कोसळतात. जर्नेल सिंग विरुद्ध हरयाणा राज्य (२०१३) या निकालानुसार, विधिसंघर्षग्रस्त बालकाचे वय ठरविण्याची पद्धत पीडितेलाही लागू होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये शाळेचा जन्मतारखेचा दाखला अथवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र यांना प्रथम स्थान आहे. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहिला जातो. हे दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीचा आधार घेतला जातो. या तपासणीत दोन वर्षांपर्यंत फरक पडू शकतो आणि त्याचा फायदा सामान्यतः आरोपीला मिळतो. ज्या कुटुंबांत जन्माची नोंद झालेली नसते किंवा मूल शाळेत उशिरा दाखल होते, तेथे ही अडचण विशेष जाणवते.

वैद्यकीय पुरावा

वैद्यकीय अहवाल हा मत-पुरावा असतो. बलात्कार झाला की नाही हे कायदेशीर अनुमान असून ते डॉक्टरांनी नव्हे, तर न्यायालयाने काढायचे असते. जखमा आढळल्यास साक्षीला बळ मिळते. पण धमकी, भीती, बेशुद्धी किंवा वयातील तफावत यांमुळे जखमा नसणेही शक्य असते. अंघोळ, कपडे धुणे व लोटलेला वेळ यांमुळे जैविक पुरावा नष्ट होतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घटनेनंतर ९६ तासांपर्यंत शरीरावरील नमुने घेणे अपेक्षित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला तपासणीसाठी पाठवावे लागते आणि तिची संमती आवश्यक असते.

कौमार्य किंवा 'शरीरसंबंधाची सवय' ठरविणारी दोन बोटांची चाचणी अशास्त्रीय आहे. सर्वोच्च न्यायालयाने लिल्लू विरुद्ध हरयाणा राज्य (२०१३) या निकालात ती पीडितेच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली. झारखंड राज्य विरुद्ध शैलेंद्र कुमार राय (२०२२) या निकालात ही चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तणुकीस पात्र ठरेल, असे बजावण्यात आले. महाराष्ट्रात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या निकृष्ट दर्जावर अहवाल तयार केला आणि त्याच्या आधारे नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली.

वैज्ञानिक पुरावा

डीएनए चाचणी व्यक्तीची ओळख पटवू शकते. संमती होती की नाही हे ती सांगू शकत नाही. त्यामुळे आरोपी अनोळखी असेल, पीडितेचा मृत्यू झाला असेल किंवा ती १८ वर्षांखालील असेल, अशा खटल्यांत तिचे महत्त्व अधिक असते. महाराष्ट्रातील पोलिस ठाण्यांकडून नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडे पाठविले जातात. विदर्भात नागपूर व अमरावती येथे अशा प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत.

नमुना कोणी घेतला, सील कोणी केले, मुद्देमाल कक्षात तो किती दिवस व कोणाच्या ताब्यात होता, ही साखळी तुटली तर जुळलेला डीएनएही निरुपयोगी ठरू शकतो. राहुल विरुद्ध दिल्ली राज्य (२०२२) या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. नमुने सुमारे दोन आठवडे पोलिसांच्या मुद्देमाल कक्षात पडून राहिले होते, हे त्यामागील एक कारण होते. पुरावा केवळ परिस्थितिजन्य असल्यास शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) मधील पाच कसोट्या लागू होतात.

पोक्सोमधील गृहीतके

पोक्सोच्या कलम २९ नुसार विशिष्ट गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला असे विशेष न्यायालयाने, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचे असते. कलम ३० मध्ये दोषी मनोवृत्तीचे गृहीतक आहे. ही गृहीतके निरपवाद नाहीत. नागपूर खंडपीठाने २०१८ च्या एका निकालात, सरकार पक्षाने आधी मूलभूत तथ्ये सिद्ध केली पाहिजेत आणि त्यानंतरच गृहीतक लागू होते, असे स्पष्ट केले. कलम २९ च्या गृहीतकाविरुद्ध आरोपीने आपली बाजू शक्यतेच्या तौलनिक प्रमाणावर मांडली तरी ती पुरेशी मानली जाते. कलम ३० खाली मात्र दोषी मनोवृत्ती नव्हती हे त्याला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते.

पुसद येथील खटला

पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून तेथे अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. जुलै २०१३ मध्ये मुलीच्या आईने शेजारी राहणाऱ्या तरुणाविरुद्ध तक्रार दिली. तो रात्री घरात शिरला आणि तोंड दाबून त्याने मुलीवर बलात्कार केला, असा आरोप होता. २०१९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दहा वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा दिली. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी अपील मंजूर करून त्याची निर्दोष मुक्तता केली.

उच्च न्यायालयाच्या तर्काचे तीन भाग होते. पहिला वयाचा होता. घटनेच्या वेळी मुलगी १८ वर्षांखाली होती हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. त्यामुळे संमतीचा बचाव आरोपीला खुला झाला. दुसरा भाग साक्षीचा होता. आई तेथे आली नसती तर आपण तक्रार केली नसती, असे मुलीने उलटतपासणीत सांगितले होते. त्यावरून पूर्वीपासून परस्परसंमतीचे संबंध होते, हा बचाव न्यायालयाला शक्य वाटला. एकट्या साक्षीवर दोषी ठरवायचे तर ती अस्सल दर्जाची हवी आणि ही साक्ष तशी नाही, असे मत न्यायालयाने नोंदविले. तिसरा भाग घटनेच्या संभाव्यतेचा होता. झटापट न होता एकट्या पुरुषाने मुलीचे तोंड दाबणे, तिचे व स्वतःचे कपडे काढणे आणि बलात्कार करणे अतिशय अशक्य वाटते, असे निरीक्षण नोंदवून वैद्यकीय अहवालात झटापटीच्या जखमा नसल्याकडे लक्ष वेधण्यात आले.

यांपैकी तिसऱ्या भागावर देशभर टीका झाली. जखमांच्या अभावावरून निष्कर्ष काढण्याची ही पद्धत देसाईगंज प्रकरणाकडे परत नेते आणि २०१३ च्या स्पष्टीकरणाशी विसंगत आहे, असा आक्षेप त्यामागे होता. पहिले दोन भाग मात्र प्रस्थापित नियमांत बसणारे होते. वय सिद्ध झाले असते, तर उरलेल्या दोन्ही प्रश्नांचे स्वरूपच बदलले असते.

त्याच महिन्यात त्याच न्यायाधीशांनी दुसऱ्या एका प्रकरणात त्वचेचा त्वचेशी संपर्क नसल्यास तो पोक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २७ जानेवारी २०२१ रोजी स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द करून लैंगिक हेतू हा निर्णायक घटक ठरविला. तो प्रश्न पुराव्यापेक्षा कायद्याच्या अर्थनिर्णयाचा होता.

लग्नाचे वचन आणि संमती

लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवल्याच्या तक्रारींत वचन देतानाचा हेतू पाहिला जातो. प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१९) या निकालानुसार, वचन सुरुवातीपासून खोटे असेल आणि स्त्रीचा निर्णय त्याच्याशी थेट जोडलेला असेल, तरच संमती दूषित ठरते. प्रामाणिकपणे दिलेले वचन पुढे मोडणे म्हणजे बलात्कार नव्हे. हेतू सिद्ध करण्यासाठी संदेश, पत्रे, साखरपुडा, कुटुंबांतील बोलणी आणि संबंधांचा कालावधी हा पुरावा तपासला जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ ने फसवणुकीने ठेवलेले असे संबंध बलात्काराहून वेगळा गुन्हा केले आहेत.

साक्ष नोंदविण्याची पद्धत

साक्ष कोणत्या वातावरणात नोंदविली गेली, याचा तिच्या दर्जावर परिणाम होतो. बलात्काराचे खटले बंद न्यायालयात चालविणे बंधनकारक आहे. पोक्सोखाली बालकाला वकील थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशामार्फत विचारले जातात. साक्ष देताना बालक आरोपीच्या नजरेस पडू नये, अशी व्यवस्था करावी लागते. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत बालकाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी देशभर असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले.

टीका आणि मतभेद

स्त्री-संघटनांच्या मते कायदा बदलला असला, तरी 'खऱ्या' पीडितेने आरडाओरडा करावा, लगेच तक्रार करावी, अशा अपेक्षा निकालांत डोकावतात. सर्वोच्च न्यायालयाने अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) या निकालात अशा साचेबद्ध कल्पना टाळण्याचे निर्देश दिले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. दुसरीकडे, कठोर किमान शिक्षा आणि विरुद्ध गृहीतके असताना पुराव्याची कसोटी सैल केल्यास निरपराध व्यक्ती भरडली जाईल, अशी चिंता बचाव पक्षाचे वकील व्यक्त करतात. किशोरवयीनांच्या परस्परसंमतीच्या संबंधांत पोक्सोचा वापर हाही वादाचा विषय आहे.

पीडितेच्या वर्तनाबद्दलची गृहीतके दूर ठेवणे आणि वाजवी संशयाचे प्रमाण कायम राखणे या दोन अपेक्षा परस्परविरोधी नाहीत. वयाचे कागद, वेळेवर घेतलेले नमुने, अखंड ताबासाखळी आणि नीट नोंदविलेला पहिला जबाब हा पुरावा तपासाच्या पहिल्या काही दिवसांत गोळा होतो. तो त्या वेळी निसटला, तर पुढे सारा भार पुन्हा पीडितेच्या एकट्या साक्षीवर येतो.

हेही पहा

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३
बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण अधिनियम, २०१२
मुंबई उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ
न्यायवैद्यकशास्त्र
पुसद